आईच्या रक्तातलं इन्सुलिन

सव्वीस वर्षं मी रायपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी फळ्यावर स्वादुपिंड काढते, त्याखाली ‘अग्न्याशय’ लिहिते, कारण शाळा हिंदी माध्यमाची, आणि दरवर्षी तेच सांगते: जेवलं की रक्तातली साखर वाढते, साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, साखर उतरली की इन्सुलिन गप्प बसतं. माझी एक खोड आहे. प्रश्न मी विचारते आणि उत्तरही मीच देते. पोरं हात वर करेपर्यंत माझं उत्तर फळ्यावर लिहून झालेलं असतं. नवरा म्हणतो, तुझ्या वर्गात कोणी नापास होत नाही, कारण कोणाची बोलायची पाळीच येत नाही. मी हसते आणि त्याचं पुढचं वाक्यही मीच बोलून टाकते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, नाश्ता नको म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी हृदयविकारानं दवाखान्यातच वारले. आई बहात्तर वर्षांची. समता कॉलोनीतल्या घरात आता ती एकटीच. मी शंकर नगरला, स्कूटरनं फार तर वीस मिनिटं. माझ्याकडे ये म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल. ती ‘हव, येते’ म्हणते आणि जागची हलत नाही.

तेराव्यानंतर महिन्याभरानं तिला मधूनच घेरी येऊ लागली. हात थरथरायचे, कपाळ ओलं व्हायचं. गुळाचा खडा तोंडात टाकला की बरं वाटायचं. मी निदान करून टाकलं: अशक्तपणा आणि दुःख. टॉनिकची बाटली आणून दिली.

मग तो गुरुवार. आईचा गुरुवारचा उपास असतो. माझ्या मुलीचं कॉलेज आईच्या घराजवळ आहे, दुपारची ती तिथे जाते. मी बारावीच्या वर्गात होते तेव्हा तिचा फोन आला.

“मम्मी, नानी मुझे पहचान नहीं रही हैं. कुछ भी बोल रही हैं. पूरी भीग गई हैं पसीने से.”

दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या बोटाला सुई टोचून साखर मोजली होती. अडतीस. सत्तरच्या खाली गेली की आम्ही पुस्तकात ‘कमी’ लिहितो. अडतीसला माणूस बेशुद्ध पडतो, झटके येतात, मेंदूला इजा होते, हे मला तोंडपाठ होतं. ते सगळं एकदम आठवलं. हार्मोन्सचे एक तरुण डॉक्टर त्या वेळी तिथेच होते. ग्लुकोज चढवायच्या आधी त्यांनी घाईघाईनं दोन नळ्या रक्त काढून घेतलं. मी ओरडले, “पहले शुगर दीजिए ना!” ते म्हणाले, “मॅडम, यही टाइम है. अभी नहीं लिया तो बाद में कुछ पता नहीं चलेगा.” अर्धं मिनिटही लागलं नसेल. मला ते अर्धं मिनिट अजून संपल्यासारखं वाटत नाही.

ग्लुकोज गेलं आणि पाच-सात मिनिटांत आईनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

“तू काहून शाळा सोडून आली?”

मी रडले. डॉक्टरांनी विचारलं, “माताजी को शुगर है? कोई गोली, इन्सुलिन?”

“नहीं नहीं,” मी म्हणाले, “इनको शुगर है ही नहीं. कभी नहीं थी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. इन्सुलिन बावीस. शेजारी छापलेली मर्यादा दोन ते पंचवीस. आकड्यापुढे ना चांदणी, ना लाल रंग. मी तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘आईचं इन्सुलिन नॉर्मल. काळजी नको.’ पुण्याहून भावानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं बोट आणि लावलं मोबाइलला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. मग मला बाहेर बोलावलं.

“मॅडम, आप टीचर हैं. यह बाईस नॉर्मल है?”

“रेंज में तो है.”

“किसकी रेंज? यह रेंज उनकी है जिनकी शुगर ठीक है. इनकी शुगर अड़तीस थी. अड़तीस पर इन्सुलिन कितना होना चाहिए?”

माझ्याच वर्गातला प्रश्न. साखर उतरली की इन्सुलिन गप्प बसतं. ते जवळजवळ शून्यावर यायला हवं होतं. घरात धान्य संपलेलं असताना कोणी पाहुण्यांना जेवायला बोलवत सुटावं, तसा तो बावीसचा आकडा होता. एकटा पाहिला तर सभ्य, साखरेच्या शेजारी ठेवला तर भयंकर. सव्वीस वर्षं शिकवलं आणि आईच्या कागदावर मला ते वाचता आलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

“तो इसका मतलब क्या?” मी तुटकपणे विचारलं.

त्यांनी दुसरा आकडा दाखवला, सी-पेप्टाइडचा. तोही चढलेला. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याचा एक तुकडा सुटून वेगळा होतो, तोच हा. बाहेरून इंजेक्शन घेतलं तर इन्सुलिन वाढतं, पण हा तुकडा वाढत नाही. म्हणजे इंजेक्शन नव्हतं, इन्सुलिन आईच्याच पोटात तयार होत होतं. दोनच शक्यता राहत होत्या. एक, स्वादुपिंडात बारीकशी गाठ, जी साखरेला न जुमानता इन्सुलिन सोडत राहते. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण काढावी लागते, आणि स्वादुपिंडाचं ऑपरेशन बहात्तराव्या वर्षी हलकं नसतं. दुसरी, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी मधुमेहाची गोळी. रक्तात ती गोळी शोधायची तपासणी रायपुरात होत नव्हती. नमुना बाहेर पाठवला होता, उत्तराला वेळ लागणार होता.

“घर में किसी को शुगर थी?” त्यांनी विचारलं.

“पिताजी को थी. वो चार महीने पहले नहीं रहे.”

“उनकी दवाइयाँ?”

“मैंने खुद निकाल दीं.” ते खरंच होतं. फ्रिजवरची औषधांची पिशवी मी माझ्या हातानं नेली होती. “मम्मी ऐसा कुछ नहीं लेतीं.”

त्यांनी मान डोलावली आणि गाठीच्या बाजूनं तयारी सुरू केली.

आईला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी मटारचं उदाहरण घेतलं. “समज, घरात सोललेले मटार दिसले. कचऱ्यात सालं असतील तर मटार घरीच सोलले. सालं नसतील तर बाजारातून सोललेले आणले. तुझ्या रक्तात सालं सापडली.”

“म्हणजे घरचेच हाय ना?” आई म्हणाली. “मग काय बिघडलं?”

“नको तेव्हा सोलून राहिलं ना तुझं पोट! साखर संपली तरी सोलतंच आहे.”

ती सलाइनच्या थेंबांकडे बघू लागली. मग विचारलं, “साखर कमी झाली का घाम येते का?”

“हो, तेच तर पहिलं लक्षण. घाम, थरथर, चिडचिड, कधी मळमळ होऊन खायला नको वाटणं, मग माणूस भलतंच बोलतं.” माझा तास सुरू झाला होता. बेशुद्धी, झटके, सगळं सांगितलं. मृत्यूसुद्धा सांगितला, इतकी मी शहाणी.

आईनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरली.

सीटी स्कॅनमध्ये काही ठळक दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ कधी कधी इतकी लहान असते की दिसतच नाही. भाऊ फोनवर म्हणू लागला, हैदराबादला नेऊ, तिथे मोठे स्कॅन होतात. मी रजा टाकली. आईचे कागद एका फाइलीत लावले. बाबांची फाइलही माझ्याच कपाटात होती, त्यांच्या शेवटच्या दिवसाचे कागद मीच लावून ठेवले होते. तशीच दुसरी फाइल आता तयार होत होती.

हैदराबादला जाण्याआधी एक परीक्षा उरली होती. बहात्तर तास उपाशी ठेवायचं, फक्त पाणी, आणि ठरलेल्या वेळी रक्त काढत राहायचं. गाठ असेल तर साखर कधीतरी कोसळतेच. कोसळली की त्या क्षणीचं इन्सुलिन बघायचं. म्हणजे आईला पुन्हा त्या अडतीसच्या कडेपर्यंत न्यायचं, मुद्दाम, आणि आपण शेजारी बसून वाट बघायची. सोमवारी सकाळी सुरुवात झाली.

आईला उपासाचं काहीच वाटलं नाही. “नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहते मी,” तिनं नर्सला ऐकवलं. “हे तर तीनच हाय.” नर्स हसली. मला हसू येत नव्हतं. दर वेळी बोटातून थेंब निघाला की माझे डोळे त्या छोट्या यंत्राच्या पडद्यावर. अठ्ठ्याऐंशी. एक्याऐंशी. चौऱ्याहत्तर. आईचं कपाळ मी दर दहा मिनिटांनी हातानं चाचपायचे, ओलं आहे का म्हणून. ती चिडली. “डोक्यावरचा हात काढ, देव नाही मी.” चिडचिड हे लक्षण लिहून ठेवावं का, या विचारात मी तासभर घालवला.

मंगळवारी एकोणसत्तर. बुधवारी सकाळी चौसष्ट. आई उशीला टेकून बसून शेजारच्या बाईला हळद-मेथीच्या लाडवाची कृती सांगत होती. डॉक्टर आले, त्यांनी आकडे पाहिले, आईकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“अम्मा, घर पर कोई गोली लेती थीं?”

आईनं तोंड उघडलं होतं. मी आज तो क्षण पुन्हा पुन्हा आठवते, आणि मला नक्की आठवतं, तिनं तोंड उघडलं होतं.

“डॉक्टर साहब, मैं बता चुकी हूँ ना,” मी म्हणाले, जरा जोरातच. “मैं बायोलॉजी पढ़ाती हूँ. मुझे पता नहीं होगा क्या?”

आईनं तोंड मिटलं.

गुरुवारी सकाळी बहात्तर तास पूर्ण झाले. साखर एकसष्ट, आणि आई ठणठणीत. शेवटच्या नमुन्यातलं इन्सुलिन दोनच्याही खाली, अगदी गप्प, पुस्तकात असावं तसं. गाठ असती तर ती इतकी शहाण्यासारखी वागली नसती. डॉक्टर मला म्हणाले, “घर पर गिरती है, यहाँ नहीं गिरती. तो घर में कुछ है जो यहाँ नहीं है. जाइए, जो भी अम्मा मुँह में डालती हैं, सब उठाकर लाइए. चूर्ण, काढ़ा, सब.”

मी तणतणत समता कॉलोनीत गेले. मोठी पिशवी घेतली. इसबगोल, सुपारीचा डबा, ओवा, माझंच टॉनिक, शेजारणीनं दिलेली कसलीशी मुळी, सगळं पिशवीत कोंबलं. स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. आणि पाणी प्यायला बैठकीत येऊन बसले तर समोर बाबांचा फोटो. त्याखालच्या फळीवर त्यांचा चष्मा, घड्याळ आणि त्यांची गोळ्यांची डबी. सात वारांचे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी. आठवण म्हणून आईनं ठेवली असेल, असं समजून मी दर आठवड्याला ती उचलून खालची धूळ पुसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी ती उजेडात धरली. रविवारपासून गुरुवारपर्यंतचे कप्पे रिकामे होते. शुक्रवार आणि शनिवारच्या कप्प्यात एकेक लहान हिरवी गोळी होती.

डबी तिथेच थांबली होती. गेल्या गुरुवारी, आई कोसळली त्या दिवशी. बाबा जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांची डबी त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी कोणीतरी भरली होती. फळीखालच्या खणात शोधलं तर गोळ्यांची पाकिटं रबर लावून नीट ठेवलेली. बाबांना सरकारी दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या. जायच्या आठवड्यातच त्यांनी आणल्या होत्या, आणि आधीच्याही उरल्या होत्या.

स्कूटर कशी चालवली मला माहीत नाही. आईच्या पलंगावर डबी ठेवली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

“आई, हे काय आहे?”

“डबी.”

“तू बाबांच्या गोळ्या खाऊन राहिली होती? चार महिने? उपासाच्या दिवशीसुद्धा?”

माझा आवाज चढला. “अगं, हे तुझं पोट चिरणार होते! मी हैदराबादची तिकिटं बघून राहिले होते!”

“ओरडू नको,” आई म्हणाली. डबी तिनं मांडीवर घेतली. “वीस वर्षं सकाळी आठ वाजता मी त्यायच्या हातावर गोळी ठेवत होती. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी आठ वाजले, अन् माझ्या हातानं डबी उघडली. गोळी हातावर आली. अन् घ्यायले कोणी नव्हतं.” तिनं तळहात उघडा करून दाखवला. “परत डबीत टाकवली नाही मले. फेकवलीबी नाही. खाऊन घेतली. मग रोजच.”

मी तिच्या पायाशी बसले. हळूच विचारलं, “मग सांगितलं काहून नाही? डॉक्टरांनी तीनदा विचारलं ना?”

“त्यायनं विचारलं,” आई म्हणाली. “अन् तू सांगितलं.”

तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी डबी पाहिली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि एक मोठा श्वास सोडला. “अम्मा, ये गोली आप...” मी तोंड उघडलं आणि दातांखाली जीभ दाबली. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, सांगू का असं विचारत. तिनं माझी परवानगी मागावी, याची मला फार लाज वाटली.

तिनं सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, कधीपासून, किती. डॉक्टरांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. शेवटी म्हणाले, “बस, यही था. कोई गाँठ नहीं, कोई ऑपरेशन नहीं. गोली बंद, आप घर जाइए.” मला वाटलं, आता आई रडेल किंवा हसेल. तिचा चेहरा तसाच राहिला, ताणलेला.

“डॉक्टरसाब,” तिनं विचारलं, “इस गोली से आदमी मर जाता है क्या?”

“खाना न खाए और गोली ले ले, तो शुगर बहुत गिर सकती है, अम्मा.”

आई माझ्याकडे वळली. आता ती मराठीत बोलली, फक्त माझ्याशी.

“त्या दिवशी सकाळी त्यायले घाम येऊन राहिला होता. नाश्ता नको म्हणत होते. चिडचिड करत होते. मी म्हटलं, गोळी तर घ्या. जबरदस्तीनं हातावर ठेवली.” तिनं डबी बाजूला ठेवली. “तू परवा सांगितलं ना, घाम येते, खायले नको वाटते. तेव्हापासून मी हेच इचार करून राहिली. मीच मारलं का त्यायले?”

म्हणून ती भिंतीकडे वळली होती. आठवडाभर मी तिचं कपाळ चाचपत होते, आणि ती हे पोटात घेऊन पडून होती.

या एका प्रश्नाचं उत्तर मला खरोखर माहीत होतं. बाबांना दवाखान्यात नेल्याबरोबर त्यांचीही साखर मोजली होती. तो कागद माझ्या कपाटातल्या फाइलीत, वरून तिसरा. तो मी इतक्या वेळा वाचला होता, आणि आईला एकदाही दाखवला नव्हता. तिला त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं.

“आई, बाबांची साखर त्या दिवशी दोनशे चौदा होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे जास्त होती. कमी नव्हती. गोळीनं काही झालं नाही, हृदयच बंद पडलं त्यांचं.”

“कागदावर लिहून हाय?”

“हो.”

“मले दाखवशील?”

मी उठले, स्कूटरची किल्ली घेतली आणि तो कागद आणायला निघाले.